ताग्याचं टोक कधी उघडलं?

ओटिली नीसेनला कोणी नुसती शिवणवाली म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "व्यापारी म्हणा! सरकारदरबारी नोंद आहे माझी." एवढ्याशा दुकानाला ती नोंद लागतही नव्हती. पण नवऱ्याच्या माघारी तिने हट्टाने केली आणि पाटीवर ठळक रंगवून घेतली. कोलोनजवळच्या आमच्या गावात चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी मुलींचे पांढरे झगे तिच्याच हातचे.

त्या वर्षी झग्यांचं कापड आलं ते नेमकं कार्निव्हलच्या गुरुवारी. त्या दिवशी आमच्याकडे बायकांचं राज्य. दिसला पुरुष की काप त्याचा टाय! ओटिलीने माल आणणाऱ्या ड्रायव्हरचा टाय कचकन कापला, सही ठोकली आणि एका ताग्याचं टोक सोडून पाहिलं. आत पिवळा पट्टा!

दुकानात तिच्या जोडीला शिवणारी मावसबहीण लिओबा शेजारीच होती. "अगं बाई! माल धाडणाऱ्या ओडेनथालला कळवायला हवं."

"आज? आज कोण शुद्धीवर असतंय? चल, बँड वाजतोय."

गेल्या दोघी नाचायला. पुढच्या राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे कार्निव्हल संपून उपवास सुरू होईपर्यंत, आमच्या गावात कामाचं कोणी नाव काढत नाही, हेही खरंच. बुधवारी चर्चमधून कपाळावर राख लावून आल्यावर ओटिलीने सगळे तागे उलगडले. सगळ्यांत तोच पट्टा. मग केला फोन.

माल विकणारा ओडेनथाल थंडपणे म्हणाला, "बाई, घरगुती गिऱ्हाईक असतात तर मुकाट्याने परत घेतला असता. तुम्ही पडलात व्यापारी. माल आला की लगेच तपासायचा, खोट दिसली की लगेच कळवायची. नाहीतर माल पसंत, असा कायदाच आहे."

ते कापड गळ्यात पडलं तर दुकानाला कुलूप, इतकं सरळ होतं. ओटिली कोर्टात गेली.

तिचे वकील फासबेंडर म्हणाले, "पट्टा ताग्याच्या आत. वरून दिसण्यातला नव्हे. तुम्हाला बुधवारी दिसला, बुधवारीच कळवलंत, तर कायदा आपल्या बाजूने. बुधवारीच दिसला ना?"

ओटिलीने लिओबाकडे पाहिलं. बोलली ती लिओबा. "बुधवारीच! मी होते ना तिथे. साक्ष देते मी."

साक्षीदाराने आधीचं ऐकायचं नाही, म्हणून कोर्टात लिओबाला बाहेर बाकावर बसवलं. जाता जाता तिने ओटिलीचा हात दाबला.

"नीसेनबाई," न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पट्टा पहिल्यांदा कधी पाहिलात?"

बुधवार. एवढा एक शब्द. खराब माल दिला ओडेनथालने, आणि अडकायचं मी? संताप संताप झाला तिचा. पण मी बुधवार म्हटलं की लगेच लिओबाला आत बोलावणार. खोटं बोललात तर तुरुंग, असं बजावणार. आणि ती येडी तरीही माझ्यासाठी बोलणार.

"गुरुवारी," ओटिली म्हणाली. "माल आला त्याच दिवशी."

फासबेंडरनी डोळे मिटून घेतले.

"मग कळवलं का नाहीत?"

"कार्निव्हल होता, बाईसाहेब. फोन कोण उचलणार?"

"उचलायची गरजच नव्हती. दोन ओळी लगेच धाडल्या असत्यात तरी भागलं असतं."

आता साक्षीदाराची गरज नाही, असं न्यायाधीशबाईंनी सांगितलं.

ओटिली बाहेर आली तशी लिओबा ताडकन उठली. "मला हाक का नाही मारली गं? मी इथे बुधवार, बुधवार घोकत बसलेय!"

"मी गुरुवार सांगितलं. हरलो आपण."

"वेड लागलंय का तुला?" लिओबाला रडू फुटलं. "दुकान गेलं ना आपलं!"

ओटिली बाकावर बसली आणि तिने लिओबाला ओढून शेजारी बसवलं.

"गेलं तर गेलं. त्यापायी तुला तुरुंगात घालवू?"