एकाच वळणाच्या एकतीस सह्या

लग्नाच्या पंगतीत कुणाला माझी नोकरी कळली, की माझं जेवण थंड झालंच म्हणून समजा. हस्ताक्षर तपासते एवढं ऐकलं की लोक मोबाईलमध्ये होणाऱ्या जावयाची सही काढून दाखवतात. पोरगा रागीट आहे का, पीत असेल का, सांगा म्हणतात. नागभीडला माहेरी गेले की हे हमखास. मी मुळात तापट बाई. पहिल्या दोघांना नीट समजावते. तिसऱ्याला सांगते, पोराला जेवायला बोलवा आणि भाजीत मीठ जास्त घाला, स्वभाव आपोआप कळेल. अक्षरावरून मन ओळखण्याच्या विद्येवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझं काम साधं आहे. ही सही याच हातानं केली की दुसऱ्या, एवढंच मी सांगते. माणूस कसा आहे ते त्याच्या बायकोला विचारा.

हा तोरा धानोऱ्याच्या त्या प्रकरणापर्यंत ठीक चालला.

तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावानं ग्रामसभेत ठराव केला होता, की यंदा विडीच्या तेंदूपानाचा लिलाव गाव स्वतः करेल. ठरावाखाली एकतीस बायांच्या सह्या होत्या. आजवर ही पानं उचलणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं तक्रार ठोकली: या बाया कालपरवापर्यंत अंगठा लावत होत्या, एकदम सह्या करायला कुठून लागल्या? सगळ्या सह्या अंगणवाडीच्या बाईनं एकटीनं केल्यात. हे खरं ठरलं असतं तर ठराव रद्द झाला असता. बाईची नोकरी जाऊन तिच्यावर बनावट सह्यांचा गुन्हा लागला असता, तो वेगळाच. कागद तपासायला माझ्या टेबलावर आले.

मी भिंगाखाली धरले आणि मला हसूच आलं. आपण सगळे आधी अक्षरं काढतो आणि मग वरून रेघ ओढतो. इथे उलटं होतं. जिथं शाईवर शाई चढली होती तिथं स्पष्ट दिसत होतं, आधी लांबलचक रेघ आणि मग तिच्याखाली अक्षरं. आणि नाव संपलं की एक ठसठशीत टिंब. एकतीसच्या एकतीस सह्या तशाच! अशी सवय हजारात एखाद्याला असेल, आणि इथं सगळं गावच तसं लिहितंय? बाई पकडली गेली, असं मी मनात ठरवूनही टाकलं. पण ताडून पाहायला सोबत आलेले बायांच्या सह्यांचे नमुने अपुरे होते. नमुन्यांशिवाय मी सख्ख्या भावाबद्दलही मत देत नाही. शेवटी चिडून कळवलं, की माझ्यासमोर सह्या घ्यायच्या, मी स्वतः येते.

धानोऱ्याला एका सभागृहात बाया जमल्या. अंगणवाडीच्या बाईला मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात बसवलं. मूळ कागद कुणाला दाखवायचा नाही, एका कागदावर एकच सही घ्यायची, झाली की तो उचलायचा आणि कोरा द्यायचा, असं दहा वेळा. पहिली बाई बसली. पेन घट्ट धरलं, आणि सर्रकन एक रेघ ओढली. मग तिच्याखाली एकेक अक्षर काढलं. शेवटी पेन दाबून टिंब दिलं. दुसरीनंही तेच केलं. तिसरीनंही. पाचवीला माझा आवाज चढलाच. असं लिहायला शिकवलं कुणी, म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी मिळून दाराकडे बोट दाखवलं.

बाईला आत बोलावलं. पन्नाशीची, सडपातळ बाई. घाबरलेली होती, पण मान ताठ. दोन उन्हाळे, मोहफुलं वेचून बाया परतल्या की दुपारी ती त्यांना अंगणवाडीत बसवायची. एकेकीच्या मागे बसून, तिचा हात आपल्या हातात धरून गिरवून घ्यायची. रेघ आधी कशासाठी, विचारलं.

"मोठ्या बायायचं अक्षर खालीवर जाते, मॅडम. म्हून म्हटलं, आधी दोरी बांधा, मंग तिच्यावर धुनं वाळू घाला."

आणि टिंब?

"अंगठा लावला की वरती कोनीबी काहीबी लिहून घेत होतं. टिंब दिलं म्हंजे आपलं बोलनं इथी संपलं. पुढं कोनी काई जोडू नाई."

या बाईनं फसवणुकीपासून वाचायला जे शिकवलं, त्याच्याच आधारावर मी तिला फसवणुकीत अडकवायला निघाले होते.

पण कीव येणं हा पुरावा नसतो. एका गुरूचं वळण सगळ्यांच्या हातात उतरतंच. त्या वळणाखालचा प्रत्येकीचा आपला हात शोधायला हवा होता. पुढचे कित्येक दिवस मी त्या सह्यांच्या मागेच लागले. एकीनं पेन इतकं दाबलेलं, की कागदाच्या पाठीवर फोड उठल्यासारखे उंचवटे. एक प्रत्येक अक्षराच्या मध्ये पेन उचलायची, दम घ्यायला थांबावं तशी. एक डावखुरी, तिची रेघ उजवीकडून निघालेली. सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं बोट कधीतरी मोडून वाकडंच जुळलं होतं, तिचा एकही गोल पूर्ण मिटत नव्हता. रोज पाहून पाहून माझा त्यांच्यावर जीव जडला. ही धीराची, ही धांदरट, ही घरात कुणाचं ऐकत नसणार, असं मनात येऊ लागलं. ज्या विद्येला मी पंगतीत नाक मुरडायचे, ती मागच्या दारानं येऊन माझ्याच टेबलावर बसली. अर्थात अहवालात त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही.

चौकशीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सह्यांचे मोठे केलेले फोटो लावून मी एकेक सही समजावली. हिचा हात जड आहे. हिची अक्षरं उतरणीला लागतात. हिचा गोल उघडाच राहतो. बाईच्या हातात असं काहीच नाही, तिचं अक्षर सफाईदार आहे. मागे बसलेल्या बायांना बाई हळू आवाजात गोंडीत सांगत होती. एकतीस सह्या, एकतीस वेगळे हात, आणि बाईचा हात त्यात कुठेच नाही. चौकशी करणाऱ्या साहेबांनी तक्रार फेटाळली. ठराव टिकला, बाई सुटली.

मला वाटलं, आता बाया उठून तिला मिठ्या मारतील. पाहते तर मागच्या रांगांत सगळ्यांचे चेहरे उतरलेले. निकाल समजला नाही की काय, मी बाईला विचारलं.

"समजला ना, मॅडम," ती म्हणाली. "मी सुटली म्हून खुश आहेत. पन म्हनून राह्यल्या, आमाले वाटे आमचं अक्षर अगदी बाईसारखं आहे. मॅडमनं साऱ्यायसमोर नाई म्हनून सांगतलं."

तेवढ्यात ती म्हातारी उठून माझ्या टेबलाशी आली. आपल्या सहीच्या फोटोवर ते वाकडं बोट ठेवून तिनं बाईला काही विचारलं. कुठे चुकलं ते दाखवा, असं ती म्हणत होती.

मी म्हटलं, आजी, काही चुकलं नाही. हे तुमचं स्वतःचं अक्षर आहे, जगात दुसऱ्या कुणाचं असं नाही.

बाईनं ते गोंडीत सांगितलं. म्हातारी मान हलवून थोडंसंच बोलली. बाई ते मला सांगेना. मी पुन्हा विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाली, "म्हन्ते, माह्यं नको. बाईसारखंच पाह्यजे."

एवढे महिने आरोप ऐकताना जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती बाई तिथं सगळ्यांसमोर रडायला लागली. मी फोटो आवरायला घेतले, पण मलाही धड काही दिसत नव्हतं.