उजव्या हाताचा हट्ट

आजारी माणसाची देखभाल करायला बाई हवी म्हणून अकोल्यात कुणी बोलावलं, की पहिला प्रश्न भाकरीचा येतो. "भाकर येते ना थापता?" मी अमरावतीत सहा महिन्यांचा कोर्स केला आहे. दहावीनंतर मोठा खंड पडला होता, दोन मुलं झाली होती, तरी केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठीवर चट्टे पडू द्यायचे नाहीत, माणूस पलंगावर असतानाच चादर बदलायची, बीपी मोजून वहीत लिहायचं, घास अडकला तर काय करायचं, हे सगळं तिथे शिकवलं. भाकरी शिकवली नाही. ती मला येते, मी वलगावसारख्या खेड्यातली आहे, पण हे मी कुठेच सांगत नाही. एकदा सांगितलं की पेशंट राहतो बाजूला आणि घरादाराचा स्वयंपाक गळ्यात पडतो.

त्या घरातही तेच झालं. घरात दोघीच होत्या, सख्ख्या जावा, दोघी विधवा. मोठीला मार्चमध्ये लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. वय पंच्याहत्तरच्या आसपास. बोलणं जड झालं होतं, पण लक्ष दिलं की कळायचं. धाकटीचे गुडघे गेलेले, ती स्वतःच भिंत धरून चालायची. भाकरीचा प्रश्न धाकटीनेच विचारला. मी "येत नाही" म्हटल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग हे कायची शिकेल हाय?"

मोठीचा एकुलता एक मुलगा पुण्यात. त्याने फोनवर माझं शिक्षण विचारलं, अनुभव विचारला, सर्टिफिकेटचा फोटो मागवला. मला ते आवडलं. निदान एक माणूस तरी भाकरी सोडून बोलला. शेवटी तो म्हणाला, "आईला काही कमी पडू देऊ नका. तिला हात हलवायची वेळ यायला नको." मावशींना, म्हणजे त्या मोठीला मी मावशीच म्हणायचे, हात हलवायची वेळ मी खरोखरच येऊ दिली नाही. माझी चूक झाली ती इथे.

माझा हात भराभर चालतो, त्याचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे. सकाळी आठला मी दारात, साडेनऊला मावशींची आंघोळ, वेणी, पावडर, धुतलेलं पातळ, सगळं आटोपलेलं. वरण-भात कालवून वीस मिनिटांत भरवून मोकळी. त्यांनी डोकं खाजवायला डावा हात उचलला तरी मी आधी खाजवून द्यायचे. एप्रिल-मेच्या त्या भाजणाऱ्या उन्हात कूलरचं पाणीही मीच भरायचे. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "पोटच्या पोरीनं नसतं केलं एवढं." मी वरवर "अहो, कामच आहे माझं" म्हणायचे आणि आतून फुगायचे.

जुलैत नवे फिजिओथेरपिस्ट आले. तरुणच होते, पण बोलायला फटकळ. त्यांनी मावशींना उजवी मूठ मिटायला सांगितली. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. त्यांनी दवाखान्यातून सुटतानाचे कागद काढायला लावले, वाचले आणि विचारलं, "यांना जेवू कोण घालतं?"

"मी," मी अभिमानाने म्हणाले.

"वेणी?"

"मीच."

"तोंड धुणं? गुंड्या लावणं?"

आता माझा आवाज थोडा खाली आला. ते म्हणाले, "मग यांना काय काम ठेवलंत तुम्ही? दवाखान्यातून निघताना या हातात जोर होता, इथे लिहिलंय. अर्धा हात आजाराने नेला, उरलेला तुम्ही न्यायला निघालात."

माझे कान तापले. राग त्यांचा आला नाही, माझाच आला. पेशंटला जे जमतं ते पेशंटलाच करू द्यावं, हे मला शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी पानभर उत्तर लिहिलं होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर नवऱ्याने काय झालं म्हणून दोनदा विचारलं, मी त्याच्यावरच खेकसले.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. धाकटीने फोन स्पीकरवर ठेवला होता. तो म्हणाला, दिवाळीत येतो आणि आईला कायमचं पुण्याला नेतो. काकूंनी तिवशाला भावाकडे राहावं. घराचं नंतर बघू. सगळं नीट विचार करून ठरवलेलं होतं, त्यात वाईट काही नव्हतं. धाकटी पदराला डोळे पुसत आत गेली. फोन बंद झाल्यावर मावशींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"मले इथून हालवू नोको."

मी कोण त्यांना हलवणारी किंवा न हलवणारी? पण त्या मुलाला नाही, जावेला नाही, मला म्हणाल्या. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहून मी मुलाला फोन लावला आणि सरळ विचारलं, "काय झालं तर तुम्ही त्यांना इथे ठेवाल?" त्याला हे आवडलं नसावं. तरी तो म्हणाला, "आई स्वतःच्या हाताने जेवली पाहिजे. आणि पलंगावरून कमोडच्या खुर्चीपर्यंत फक्त काकूंच्या आधाराने गेली पाहिजे. काकू तिला उचलू शकत नाहीत. तुम्ही संध्याकाळी घरी जाता. नंतर काय?" त्याचं बरोबर होतं. मी म्हणाले, दिवाळीपर्यंत वेळ द्या. तो "बघू" म्हणाला. आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे मला कळत होतं. मी मनात म्हटलं, बघाच आता.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या डाव्या हातात चमचा दिला. सोपा रस्ता होता, डावा हात धडधाकट होता. मावशींनी चमचा ताटात टाकला आणि ओठ मिटून घेतले. मी समजावलं, लाडीगोडी लावली, रागावले. तीन दिवस तेच, शेवटी मलाच भरवावं लागायचं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "डावा हात कायचा असते, तुले माईत नाई? त्यानं मी अन्नाले शिवू? उपाशी मरीन, पण थ्या हातानं नाई खाणार."

मी फिजिओथेरपिस्टांना फोन करून गाऱ्हाणं सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, "हट्ट आहे ना? मग भांडता कशाला त्याच्याशी? डाव्याने नाही तर उजव्याने खा म्हणा. लावा उजव्यालाच कामाला."

धाकटी रोज दुपारी देवासाठी वाती वळत बसायची. मी त्यातलाच कापूस घेऊन मावशींच्या उजव्या हातात ठेवला. पहिली वात मेलेल्या अळीसारखी झाली. मावशींनी ती भिरकावली. मी उचलून परत दिली. परातीत तुरीचे दाणे टाकून ते वेचायला लावले. ओला रुमाल पिळायला लावला. कणकेचा गोळा दाबायला दिला, तेव्हा त्या पहिल्यांदा स्वतःहून दहा-बारा वेळा दाबत राहिल्या. आयुष्यभराची सवय होती त्या हाताला, गोळा हातात आल्यावर तो निदान धडपडला.

जेवण मात्र भयंकर होतं. मी चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की सरकू नये, त्यांना खुर्चीत ताठ बसवलं. हनुवटी खाली घेऊन गिळायचं, एक घास गेल्यावरच दुसरा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे मी रोज म्हणायचे. बाकी काही करायचे नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसायचे. भात चमच्यातून पदरावर, पदरावरून जमिनीवर. पाच घासांतला एक तोंडात. मावशी घामाघूम व्हायच्या, रडायच्या, आणि मला कसाईण म्हणायच्या. काम न करता बसून राहणं हे मी केलेलं सगळ्यात अवघड काम आहे. माझे हात मांडीखाली अक्षरशः वळवळायचे.

शेजारच्या बाया आता वेगळंच बोलायला लागल्या. "बाई बसून रायते अन् बुढी धडपडते." हे मला ऐकू जाईल अशा बेताने बोललं जायचं. धाकटी तर माझ्याकडे बघेनाशी झाली. एकदा मी कपडे पिळून आत आले, तर मावशींच्या उजव्या गालात भात साठलेला. लकव्याच्या बाजूला घास राहून गेला तर त्यांना कळत नसे, तो श्वासात गेला असता तर काय झालं असतं! मी बोटाला कापड गुंडाळून तो काढला आणि धाकटीकडे वळले.

"तुम्ही भरवलं?"

"हो, भरवलं. भुकेलं माणूस पायवत नाई मले. तू कायची बनेल हायस, तुले पायवते?"

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि खूप रडले. नोकरी सोडून द्यावी असं वाटलं. मग तोंड धुतलं आणि तिच्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "काकू, मलाही पाहवत नाही. पण तुम्ही भरवलंत तर दिवाळीनंतर त्या पुण्यात आणि तुम्ही तिवशाला. तुम्हाला जमत असेल तर भरवा." मग मी विचारलं, "तुम्ही रोज कधी जेवता?" ती म्हणाली, "हिचं झाल्यावर." म्हटलं, "उद्यापासून सोबत जेवा. समोर ताट घ्या आणि हळूहळू खा. बास."

हे मला कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं, वैतागून सुचलं होतं. पण दोन जावा समोरासमोर जेवायला बसल्या आणि मावशींचं ताटाकडचं लक्ष जरा उडालं. सासरच्या, हिवरखेडच्या शेतावरच्या गोष्टी निघायच्या, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते निघायचं, आणि बोलता बोलता हात तोंडाशी जायचा. गणपतीपर्यंत पाचातले तीन घास पोचायला लागले. दसऱ्याला मावशींनी चमचा बाजूला सारला आणि बोटांनी वरण-भात कालवला.

दुसरीकडे पलंगावरून उठण्याचा आणि चालण्याचा सराव चालूच होता. धाकटीला मी जुन्या लुगड्याचा पट्टा शिवायला लावला. तो मावशींच्या कमरेला बांधायचा आणि धरायचं ते पट्ट्याला, लुळ्या हाताला कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. मावशींनी पुढे वाकायचं, नाक पायांच्या पुढे येईपर्यंत, मग डाव्या पायावर जोर. "ओढायचं नाही काकू, नुसतं धरायचं," हे मी इतक्या वेळा म्हणाले की शेवटी मावशीच तिला म्हणायला लागल्या, "वढू नोको वं, नुसतं धर."

दिवाळीच्या दोन दिवस आधी मुलगा आला. येतानाच त्याने आईसाठी रिकामी बॅग आणली होती, ती मी दारातच पाहिली. दुपारी ताटं वाढली. धाकटीने झुणका केला होता, भाकरी दुधात मऊ केली होती. मुलगा आईच्या शेजारीच बसला. मावशींनी भाकरीला बोटं लावली. पहिला घास ओठांजवळून खाली पडला. दुसराही पडला. मी मांडीखाली हात दाबले. मुलाला राहवलं नाही, त्याने घास करून त्यांच्या तोंडाशी नेला.

मावशींनी डाव्या हाताने त्याचा हात बाजूला केला. "मांगं घे हात. पडला तं पडू दे. माह्या हातचा हाय थो."

चाळीस मिनिटं लागली. त्या तेवढा वेळ जेवत होत्या आणि मुलगा आपलं ताट तसंच ठेवून बघत होता. मग अर्ध्या तासाने धाकटीने पट्टा बांधला आणि दोघी उठल्या. पलंगापासून कमोडच्या खुर्चीपर्यंत सहा पावलं आहेत. मी जागची हलले नाही.

बाहेर ओट्यावर येऊन मुलाने डोळे पुसले. म्हणाला, "ठीक आहे, राहू दे इथेच. पण तुम्ही आहातच ना, दिवसभर?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! घर चांगलं होतं, माणसं लागली होती. दुसरं काम लगेच मिळेल याची खात्री नव्हती आणि माझी दोन्ही मुलं शिकत होती. पण दिवसभर मी तिथे असले तर दिवसभर काहीतरी करत राहणार, हे मला माझंच माहीत होतं. पुन्हा वेणी घालीन, पुन्हा गुंड्या लावीन. मी म्हणाले, "दिवसभर बाई नको आता. सकाळी मी दोन तास आले तरी पुरे, आंघोळीपुरती. बाकी त्या करतील." आणि बोललेले शब्द मागे घेतले नाहीत.

दार उघडंच होतं. आत मावशींनी सगळं ऐकलं होतं. मी गेले तेव्हा त्या खुर्चीत बसून उजव्या हाताने पदर सारखा करत होत्या. नीट होत नव्हता. मी दारातच थांबले.

"मंग तू दिवसभर काय करशीन?" त्यांनी विचारलं.

"दुसरं घर बघीन, मावशी. दुसरं कोणी असेलच पडलेलं."

त्यांनी पदर खांद्यावर नेला, तो घसरला, त्यांनी परत नेला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्यायलेबी असंच रडवजो."