केसालाही धक्का लागणार नाही

देवगडच्या स्टँडवर विजयदुर्गची गाडी अजून लागायची होती. माझ्या पिशवीत मालवणच्या बाजारातून घेतलेले मुडदुशे होते, बर्फात गुंडाळून, कारण भाईला दुसरा मासा वाढला की तो ताटाकडे असा बघायचा की जसं काही मी कारलंच वाढलंय. फोन वाजला. त्याच्या शेजारची कुंदा. "बाय, खंय पोचलंस?" म्हणाली. देवगडला, म्हटलं. मग ती काही बोलेचना... मी ओरडले तिच्यावर, "अगो, बोल काय ता!" आणि ती रडायला लागली. झोपेतच गेला, म्हणाली. मला रडू आलं नाही, राग आला. आदल्याच दिवशी हा माणूस फोनवर माझ्याशी भांडला होता, पुढच्या आठवड्यात कंपनीत पुन्हा जाणार म्हणून, आणि आज चालता झाला? असं अर्धवट टाकून जातात का कोणी? तो राग अजून उतरलेला नाही. ज्यांना गोड गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पान उलटलं तरी चालेल.

भाई म्हणजे माझा मोठा भाऊ मुकुंद. कंपन्यांसाठी आचारसंहिता लिहून देणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. गावात हे कोणाला कधी कळलं नाही. "निवडणूक नाय, काय नाय, आणि तुझी आचारसंहिता बारा म्हयने कशी रे चालू?" असं विचारून लोक त्याची टर उडवायचे आणि तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. लाच द्यायची नाही, घ्यायची नाही, माणसाला गुरासारखं राबवायचं नाही, घाण पाणी खाडीत सोडायचं नाही, आणि असलं काही दिसलं तर कोणी कोणाला सांगायचं, हे कंपनीने स्वतःवर बंधन म्हणून लिहून घ्यायचं असतं. आधी मुंबईत नोकरी करून आणि मग विजयदुर्गच्या दोन खोल्यांत बसून त्याने ते इथल्या कारखान्यांसाठी लिहिलं, जर्मन आणि जपानी कंपन्यांसाठीही लिहिलं. फरक काय रे, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "हयचो मालक म्हणता, आमचा सगळा घरच्यासारखा, नियम कित्याक? थयचो म्हणता, आमच्याकडे सगळा लिवलेला आसा. पण सांगणाऱ्याचा पुढे काय, असा इचारला की दोघांकय घाम फुटता."

त्याची काम करायची रीत मात्र इथली होती. आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवासमोर उभा राहून एकेक गोष्ट मोठ्याने बोलतो आणि दर वाक्याला मागचा सगळा गाव एका दमात म्हणतो, "व्हय महाराजा!" आम्ही लहान असताना एका वर्षी मानकऱ्याने गावात कोणी कोणाचं वाईट करत नाही असं म्हटलं आणि मागून आवाजच आला नाही. देवळाकडे जाणारी पाणंद कोणी कुंपण घालून अडवली होती ते सगळ्यांना माहीत होतं. मानकऱ्याने खाकरून पुन्हा म्हटलं. पुन्हा सगळे गप्प... शेवटी कुंपणवालाच मान खाली घालून पुढे आला आणि उद्या काढतो म्हणाला. भाईच्या डोक्यात ते कायमचं बसलं. तो कंपन्यांना सांगायचा, तुमची आचारसंहिता मालकाने कामगारांसमोर उभं राहून, त्यांच्या भाषेत, तोंडाने बोलली पाहिजे, आणि त्यांचं उत्तर आलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर ते वाक्य खोटं आहे, पुन्हा लिहा. परदेशी साहेबांना हे फार आवडायचं. फोटो काढायचे मेले.

माझ्यावरही तो प्रयोग चालायचा. मी विजयदुर्गला गेले की हा ओसरीवरून एकेक वाक्य ओरडणार आणि मी आतून, नारळ खवता खवता, पटलं तर "व्हय" म्हणायचं. पटलं नाही तर गप्प. मी गप्प राहिले की तो हातातलं टाकून आत यायचा आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. ओसरीवरच्या वाक्यावरून असं शेवटचं भांडण एका मासळीच्या कंपनीपायी झालं. नाव मी लिहिणार नाही, किनाऱ्यावर ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवतात. तिकडच्या गिऱ्हाइकांनी आचारसंहिता मागितली म्हणून मालकाने भाईला बोलावलं. भाई अख्खा पावसाळा तिथल्या सोलणाऱ्या बायकांत जाऊन बसला, त्यांचं ऐकलं, आणि मग ओसरीवरून मला ऐकवलं, "चूक दिसली तर बोला. बोलणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही." मी गप्पच. आला आत. "काय गो?" म्हटलं, "लिवलंस बरा, पण पाळतलो कोण?" छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी आसंय मां!"

कार्यक्रमाला मी गेले होते. मालक मंचावर, पुढच्या खुर्च्यांत परदेशी पाहुणे, पाहुण्यांच्या मागे निळ्या टोप्या घातलेल्या बायका. मालक आपल्याच गावचा, गाऱ्हाण्याचा सूर त्याला बरोबर लागला. लाच घेणार नाही, रे महाराजा... व्हय महाराजा! खाडी नासवणार नाही... व्हय महाराजा! बोलणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही... व्हय महाराजा! सगळ्यांना रंग चढला. आणि त्याच सुरात, त्याच दमात मालकाने भाईने कधीच न लिहिलेलं एक वाक्य घुसवलं, कंपनीची गोष्ट गेटाबाहेर जाणार नाही, रे महाराजा... तो सूर कानावर पडला की आमच्याकडच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. बायका म्हणाल्या, "व्हय महाराजा!" माझ्या शेजारी बसलेला भाईही म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. लगेच मालकाला गाठलं त्याने, हे कुठून आलं? मालक खांद्यावर हात टाकून हसला, "रे, ता फक्त शोभेक."

शोभेचं वाक्य कामाला यायला फार दिवस लागले नाहीत. रेश्मा ही कणकवलीजवळच्या गावातली शिकलेली मुलगी तिथे माल तपासायची. शीतगृहात अमोनिया गळत होता, आत जाणाऱ्या बायकांचे डोळे चुरचुरायचे, खोकला थांबायचा नाही. तिने वर सांगितलं, पुन्हा सांगितलं, कोणी ढुंकून बघितलं नाही. मग तपासणीला आलेल्या परदेशी बाईला तिने ते तोंडावर सांगितलं. पाइप दुरुस्त झाला आणि रेश्माला कामावरून काढून टाकलं. भाई तणतणत गेला, मी बरोबर होते. मॅनेजर थंडपणे म्हणाला, "साहेब, गेटाबाहेर बोलायचं नाही हे सगळ्यांनी मान्य केलंय. आमच्याकडे व्हिडिओ आहे. त्यात तुम्हीही व्हय म्हणताय."

माझ्या भावाचं आयुष्यभराचं हत्यार घेऊन त्याच्याच मानेवर ठेवलं ह्या लोकांनी, आणि वर चहा विचारला. त्यानंतर भाईने दुसरं काम घेतलं नाही. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलला, ते फार नम्रपणे वाईट वाटून घ्यायचे आणि कोळंबी मागवत राहायचे. दर थोड्या दिवसांनी तो कंपनीच्या गेटावर जाऊन उभा राहायचा, मालक आहे का विचारायचा, नाही म्हटलं की परत यायचा. मी चिडायचे, डॉक्टरांनी सांगितलंय ना, छातीला झेपत नाही ना? "पोरीक मी शब्द दिलेलो, बाये," एवढंच म्हणायचा.

आणि तो गेल्यावर ह्याच कंपनीने त्याची शोकसभा ठेवली! निर्लज्जपणाला काही मर्यादा? मी आधी फोनच आपटला. मग विचार केला, जाते. रेश्माला बरोबर घेतलं. गेटावर तिला अडवलं, मला आत नेलं. भाईच्या फोटोला हार घातलेला, बाजूला काचेच्या चौकटीत आचारसंहिता, समोर त्याच बायका. मालकाने डोळे पुसले आणि म्हणाला, भाईंना त्यांच्याच शब्दांत निरोप देऊया. सूर लावला, "बोलणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, रे महाराजा..."

कोणी बोललं नाही.

मालकाने पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. बायका जमिनीकडे बघत राहिल्या. मॅनेजरने एकट्यानेच "व्हय महाराजा" म्हटलं आणि स्वतःच ओशाळला. पण मालक काही आमच्या लहानपणीचा कुंपणवाला नव्हता. त्याने घाम पुसला आणि दोन शब्द बोलायला माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, "हे वाक्य जिच्यासाठी लिहिलं ती गेटाबाहेर उन्हात उभी आहे. तिला आत घ्या, कामावर घ्या, मग मी माझ्या भावाबद्दल बोलते." मॅनेजर धावत आला, ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो... "तुमचो समज घाला चुलीत!" म्हटलं, आणि चहाला हात न लावता बाहेर आले. मागून दोन-चार बायका गेटापर्यंत चालत आल्या. त्यांनी रेश्माचा हात धरला आणि परत आत गेल्या, त्यांना पोटं आहेत.

आता मी अधूनमधून विजयदुर्गला जाते, घर उघडते, झाडते. ओसरीवर भाईची आरामखुर्ची आहे. तिथे बसणारा कोणीही तोंड खाडीकडे करून बसेल. भाईची खुर्ची कायम स्वयंपाकघराच्या दाराकडे असायची, आतलं उत्तर ऐकू यावं म्हणून. मागच्या खेपेला गेले तर कुंदाने बिचारीने ती नीट खाडीकडे फिरवून ठेवली होती. मी ती ओढून पुन्हा दाराकडे केली आणि आत जाऊन नारळ खवायला बसले. कान बाहेर होते. मी आसंय मां, म्हणाला होतास ना रे? मग खंय आसस? रेश्मा कणकवलीत कपड्याच्या दुकानात उभी असते दिवसभर, आणि ते लोक तुझी चौकट भिंतीवर लावून कोळंबी विकतायत. तुझ्या त्या केसालाही धक्का न लागण्याच्या वाक्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही, भाई. ती पोर त्या गेटातून आत कामावर जाईल त्या दिवशी देईन, इथूनच, तुझ्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तोपर्यंत मी गप्प आहे, आणि मी गप्प राहिले की तू आत यायचास.