चव उत्तम

कोल्हापूर जिल्ह्यात कायदा पाठ असलेले वकील पुष्कळ असतील, पण पोटानं खटला लढवणारा वकील मी एकच पाहिला. आमच्या घरी त्यांना ‘जेवणारे वकील’ म्हणतात, आणि ते ऐकून ते खूश होतात. जातीच्या जाचाची तक्रार घेऊन कुणी आलं की आधी त्याच्या घरी जेवायला जाणार. वकीलपत्रावर सही हात धुतल्यावर. जेवणंही असं, की गडहिंग्लजकडच्या एका म्हातारीनं पाचवी भाकरी वाढताना विचारलं, “वकीलसाहेब, केस लढायला आलायसा का सुगीला?” काळ्या कोटावर हळदीचा डाग कायम, फायलींवर तेलाचे चट्टे. विरोधी वकील म्हणत, हा बाबा डागावरून अशिलाचा तालुका ओळखतो. मी एकदा विचारलंच, “काका, एवढी कसली भूक?” बोटं चाटत म्हणाले, “ल्हानपणी गावजेवणात जात विचारून उठीवलंतं मला, भरल्या पत्रावळीवरनं. तवाधरनं पोट भरंना बघ.” आणि आमटीची वाटी पुढं केली.

आमच्याकडं ते आले आईपायी. राधानगरीकडच्या आमच्या गावात आई शाळेतला पोषण आहार शिजवायची. मी तेव्हा कोल्हापुरात बी.ए.ला होते, आमच्या घरातली पहिलीच, हे मी दर वेळी सांगते आणि सांगणार. दलित बाईच्या हातचं पोरांनी खायचं का, अशी कुजबुज गावात सुरू झाली आणि शाळा समितीच्या अध्यक्षांनी आईला कामावरून काढलं. कागदावर जात कशी लिहिणार? म्हणून लिहिलं, ‘महिनाभर जेवण बेचव.’ काम गेलं त्यापेक्षा तो शब्द आईला लागला. “जातीवरनं बोलायची त्यांस्नी सवय हाय, मला ऐकायची हाय,” ती म्हणाली, “पर माझ्या आमटीला बेचव?”

मी अर्ज लिहून वकीलकाकांना गाठलं. ते आले, ती ‘बेचव’ आमटी चार वाट्या प्याले आणि म्हणाले, “आक्का, चवीचं रजिस्टर कुणाकडं असतंय?” शाळेत रोज जेवण मुलांना वाढण्याआधी समितीनं चाखायचं, रजिस्टरात शेरा लिहायचा आणि सही करायची, असा नियम. आमचे अध्यक्ष आठवड्याच्या सगळ्या सह्या शनिवारी एका बैठकीत, चहा पिता पिता उरकत.

पंचायत समितीत शिक्षणाच्या साहेबांपुढं चौकशी लागली. काकांनी रजिस्टर पोथीसारखं उघडलं.

“अध्यक्ष, ही सही तुमचीच न्हवं?”

“व्हय की! माझीच.”

“सोमवारी ‘चव उत्तम’. मंगळवारी ‘चव उत्तम’. शुक्रवारी तर ‘अतिउत्तम’. मग पावणं, बेचव कवा झालं? ऐतवारी? ऐतवारी शाळा बंद असतीया!”

कारकूनसुद्धा हसले. अध्यक्ष लालबुंद झाले. “सह्या नुसत्या केलत्या! चाखलंय कुणी?”

“का न्हाय चाखलं?” काका अगदी मायेनं म्हणाले.

“आता तिच्या हातचं आमी...” एवढं बोलून अध्यक्ष थांबले. पण उशीर झाला होता.

काकांनी पेनाचं टोपण लावलं. “साहेब, एवढं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. मला आणखी काय विचारायचं न्हाय.”

आई कामावर परत आली. आदेश असाही निघाला, की इथून पुढं समितीनं मुलांसमोर चाखायचं, मगच सही. पहिल्या दिवशी अख्खा गाव शाळेच्या कुंपणाला लागलेला. अध्यक्ष वाटी हातात धरून उभे. आईनं पळी भरली. “चाखा की, अध्यक्ष. उत्तम म्हणून आधीच लिवलंय तुमी!” चाखली. आणि काका पोरांच्या पंगतीत मांडी ठोकून बसले, तिसऱ्यांदा भात मागत. त्या पंगतीतून त्यांना कुणी उठवलं नाही.

आता आई थकली, माझ्याजवळ कोल्हापुरात असते. वकीलकाकाही थकलेत, डॉक्टरांनी मीठ तोडलंय, गावोगावची जेवणं बंद झालीत. आई रोज दुपारी बिनमिठाच्या आमटीचा डबा त्यांच्याकडं पाठवते. रिकाम्या डब्यात चिठ्ठी येते, ‘चव उत्तम’, खाली लपेटदार सही. परवा मी ती आमटी चाखून पाहिली. चव म्हणून नाही तिला. दुसऱ्यांच्या खोट्या शेऱ्यांवर इतके खटले जिंकलेला माणूस, आणि रोज एक खोटा शेरा लिहितो!

आईला मी हे सांगितलं नाही. डबा चाटूनपुसून रिकामा असतो. म्हणजे सही तरी चाखल्यावरच केलेली असते.