लाकडी पंजा

मास्तरांनी तो पंजा माझ्यापुढे फेकला. लाकडाचा. मनगटापासून बोटांपर्यंत, सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेला. वर्ग ओट्यावर बसायचा आणि मी एकटा खालच्या पायरीवर. पंजा खडखडत आला आणि माझ्या गुडघ्याला लागून थांबला.

"घे. हा तुझा जोडीदार," मास्तर म्हणाले. "याच्याशी सौदा कर. हा काही बाटायचा नाही."

ओट्यावरचे सगळे हसले. मी तेव्हा लहान नव्हतो. चांगला बाप्या होतो, घरी बायको होती, पाळण्यात पोरगी होती. तरी डोळ्यांत पाणी आलं. त्याची मला अजून चीड येते.

जुन्नरात त्या सुमारास व्यापार शिकवायचा वर्ग निघाला होता. मालाची पारख, पत्रं लिहिणं, बाजाराची रीत. सरकारी मदत मिळावी म्हणून दारावर पाटी लावली होती, 'सर्व जातींस खुला'. मी पाटी खरी मानली. एवढीच माझी चूक.

आमचं घर ढोरवाड्यात. कातडी कमावणं हा धंदा. त्याला लागणारा हिरडा आंबेगावच्या डोंगरातून यायचा, आणि त्या हिरड्यानं आमचे हात कोपरापर्यंत काळे. कितीही घासा, जात नाही.

बाजारात तेव्हा मोठ्या मालाचा भाव तोंडानं बोलत नसत. दोघे उपरण्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. याला हत्ता म्हणायचे. बघणाऱ्याला काही कळत नसे. माझ्या कातड्यांचाही भाव असाच ठरायचा. पण माझा हात कोण धरणार? दलाल आणि व्यापारी आपसांत बोटं दाबायचे, मी समोर बैलासारखा उभा. मग दलाल म्हणायचा, "जा, उतरव माल." माल माझा, आणि भाव दुसऱ्यांच्या बोटांत. मला तो हत्ता शिकायचा होता. वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. पास झालो तर दाखला, आणि दाखला असला तर बाजारात आपला माल आपण विकायची मुभा. सगळं घर त्या दाखल्याकडे डोळे लावून होतं.

आणि मला मिळाला लाकडी पंजा.

मी तोही धरून बसलो. रोज. पण लाकूड उलट दाबत नाही हो. सौद्यात समोरच्याचं बोट आखडतं, सैल पडतं, त्याला घाम सुटतो, त्यावरून कळतं की हा अजून चढेल का. लाकडाला कुठला घाम? मास्तर वरून विचारायचे, "काय म्हणतोय तुझा व्याही?" की पुन्हा हशा.

ओट्यावर धोंडिबा बसायचा. निरगुडसरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याला लोकरीचा आणि मेंढरांच्या कातड्यांचा व्यापार करायचा होता. मास्तर त्याचा हात धरून शिकवायचे, पण इतक्या घाईनं आणि खेकसून, की त्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही. पुन्हा विचारायची छाती नव्हती. एक दिवस वर्ग सुटल्यावर त्यानं मला कुकडीच्या काठी गाठलं.

"मला कातडं पारखाया शिकीव. मी तुला हत्ता शिकवतो."

"बाटशील."

"हितं कोन बघतंय?"

त्या बोलण्यानं मला तेव्हा आनंद झाला. त्याचा खरा अर्थ पुढे कळला.

आम्ही रोज काठावर बसायचो. त्याच्या घोंगडीखाली दोघांचे हात. मला शिकवायला लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, त्याला स्वतःलाच अर्धं येत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी तो मास्तरांना बरोबर तेच विचारायचा आणि मास्तर चकित व्हायचे. मी त्याला कातड्यावरची सुरीची खोच दाखवली, मिठात नीट न मुरलेलं कातडं केस ओढून कसं ओळखायचं ते दाखवलं. तो चुकला की मी हसायचो. मी चुकलो की तो आई-बाप काढायचा. कुणी ओट्यावर नव्हतं, कुणी पायरीवर नव्हतं. मास्तर द्यायचे ते मर्जी असेल तेवढंच. आम्ही एकमेकांना सगळं दिलं, कारण दोघांनाही गरज होती. खरी विद्या मला त्या काठावर मिळाली.

परीक्षेच्या दिवशी वर्गाला पैसा देणारे रावसाहेब आले. बाजाराचा दिवस, ओट्याखालच्या रस्त्यावर ही गर्दी. मास्तरांनी मला पुढे बोलावलं.

"रावसाहेब, आमच्याकडे हासुद्धा शिकतो. त्याच्यासाठी वेगळी सोय केली आहे."

पायरीवर उपरणं अंथरून त्याखाली लाकडी पंजा ठेवला. रावसाहेब कौतुकानं हसले.

मी म्हणालो, "ह्या लाकडासंगं मी सौदा करनार न्हाई. मला मानसाचा हात पायजे."

रावसाहेब ओट्याकडे वळले. "कोणी आहे का तयार?" विचारलेलं बरं दिसतं म्हणून विचारलं.

मी फक्त धोंडिबाकडे बघितलं. त्याचा हात मला पाठ होता. अंगठ्याखालचा घट्टा, करंगळीचं वाकडं पेर. त्यानं तो हात हळूच मांडीखाली घातला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "आणि हातच कोणी धरला नाही, तर माणसाशी सौदा करण्याइतका तू शिकलास कसा? कोणाकडून चोरलंस?"

नाव ओठांवर होतं. घेतलं नाही. दया आली म्हणून नव्हे. आम्ही चोरी केली नव्हती, आणि त्याचं नाव सांगून मी ती चोरी ठरवणार नव्हतो.

मी उपरणं ओढलं. पंजा पायऱ्यांवरून गडगडत रस्त्यात गेला. खाली लोकर, शेळ्या, हिरडा घेऊन आलेली माणसं उभी होती. मी काळा हात वर केला आणि ओरडलो, "ऐका रं समदी! येक बोट धरलं तर येक. पंजा धरला तर पाच. पंजा सोडून पुन्यांदा बोट धरलं तर सहा. तळव्यावर नख वढलं तर अर्धा. आता तुमीबी हात घाला, आन् तुमच्या मालावर काय दाबत्यात ते तुमीच वळखा!"

मास्तर छडी घेऊन धावले. पण मारायला जवळ यावं लागलं असतं. म्हणून लांबूनच फेकली. कपाळावर वण आहे.

दाखला गेला. दलालांनी थोड्याच दिवसांत खुणा बदलल्या. पण ज्याचा हात बाजारात धरला जायचा, तो लोकरवाला, ती शेळीवाली, परत जाताना आमच्याकडे येऊन नवी खूण सांगायची. आता ढोरवाड्यात आमचा वर्ग बसतो. ओटा नाही, पायरी नाही. शिकलेल्यानं पुढच्याचा हात धरायचा, एवढा एकच नियम. माझी बायको पहिली शिकली. बोटातली लबाडी ती माझ्याआधी ओळखते.

धोंडिबा एकदा येऊन गेला. दाराबाहेरच उभा राहिला.

"चुकलो, भाऊ. सोयरीक मोडली असती माझी. चल, काठावर बसू."

"काठावर न्हाई," मी म्हणालो. "बाजारात ये. भर दुपारी समद्यांम्होरं माझा हात धर. वर घोंगडी नको, उपरनं नको."

तो मान खाली घालून गेला. अजून आलेला नाही. त्यानं मला शिकवलं, हे मी कधी नाकारणार नाही. पण त्याच्यासाठी थांबणारही नाही. माझी पोरगी आता बोटं मोजायला लागली आहे. तिला मी पहिली गोष्ट हीच शिकवली, की लपूनछपून पुढे आलेला हात धरायचा नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.