त्या रविवारी रूथबाई घरी आल्या

रूथबाई सातपुते यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी लिहावे, असे आमच्या चर्चच्या समितीने परस्पर ठरवले आणि मला नुसता निरोप आला. कराडच्या आमच्या मंडळीत मी मराठीची शिक्षिका, तेव्हा लेख म्हटला की तो माझ्याच गळ्यात पडतो. खरे सांगायचे तर अलीकडे मला चार ओळींचे पत्र लिहायचेही जिवावर येते. पण रूथबाईंबद्दल लिहिणार नाही, असे म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. म्हणून बसले.

आमची पहिली ओळख पाव कापताना झाली. लग्न होऊन मी सांगलीहून कराडला आले, त्याला आता तीस वर्षे होतील. पहिलाच रविवार प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा होता. त्याची तयारी तेव्हाही रूथबाईंकडेच असे. तासगावचा बेदाणा भिजवून, उकळून, गाळून केलेला रस आणि घरी भाजलेला पाव. त्यांनी माझ्या हाती सुरी दिली आणि म्हणाल्या, "नवी सून हाईस न्हवं? काप तुकडं." मी चहाबरोबर खायला कापावेत तसे ऐसपैस तुकडे कापले. ताट निम्म्या बाकांपर्यंत जाता जाताच संपत आले. पाळकसाहेबांनी उरलेल्या तुकड्यांचे तुकडे करून कसेबसे निभावले, आणि सर्वांत शेवटी घेणाऱ्या रूथबाईंच्या वाट्याला काहीच आले नाही. उपासना संपल्यावर मी रडवेली होऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्या म्हणाल्या, "व्हय, मोठं झालं. फुडच्या महिन्यात बारीक काप." आणि पुढच्या महिन्यात सुरी पुन्हा माझ्याच हाती दिली. ही फजिती त्यांनी आजवर कोणाला सांगितलेली नाही, मीच सांगते आहे.

रूथबाई मूळच्या कडेगावकडच्या. मिशनच्या एका दवाखान्यात त्यांनी परिचारिका म्हणून उभे आयुष्य काढले. निवृत्त झाल्यावर काम तेच राहिले, फक्त गणवेश गेला. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. साखरेच्या विकाराने त्यांच्या पायाला जखम झाली होती आणि रूथबाई रोज जाऊन ती धुवायच्या. सुभेदारांनी एकदा विचारले, "सिस्टर, इतकं दिस येताय, पन तुमच्या देवाचं कवा काय सांगत न्हाई." रूथबाई म्हणाल्या, "आवं, पाय वर घ्या आदी." सुभेदार हा किस्सा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पाय वाचला.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी, ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्या घरी जाऊन समेट करायचा. समेट झाला नाही तर रविवारी ताट समोर आल्यावर काही न घेता ते शेजाऱ्याकडे द्यायचे. आता बहुतेक जण शुक्रवारी कुठे जात नाहीत आणि रविवारी ताटही सोडत नाहीत. मीही त्यांतलीच होते. रूथबाई मात्र जातात. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी घराच्या वाटणीनंतर त्यांच्याशी बोलणे टाकले होते. दोन वर्षे, दर महिन्याच्या त्या शुक्रवारी, रूथबाई त्यांच्या बंद दारासमोर जाऊन थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. त्या दोन वर्षांत त्यांनी प्रभुभोजन घेतले नाही. रस त्यांनीच केलेला असे आणि त्याच प्याला न घेता पुढे देत असत. लोक कुजबुजत. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचे काही दिसत नसे. तिसऱ्या वर्षी जाऊबाईंनी दार उघडले, आणि पुढे त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचे सगळे रूथबाईंनीच केले.

समितीला एवढ्यावर लेख संपलेला आवडला असता. पण मला रूथबाई खऱ्या अर्थाने कळल्या त्या माझ्याच घरात.

माझे पती विजयराव चर्चमध्ये पेटी वाजवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि सगळ्या भाषेतून 'बरं' एवढा एकच शब्द शिल्लक राहिला. भूक लागली तरी बरं, पंखा हवा असला तरी बरं, दुखले तरी बरं. मुलगा पुण्याला. मी शाळा करते, घर करते, यांचे करते. लोकांना मी फार भावले. व्यासपीठावरून दोनदा माझे उदाहरण दिले गेले. भेटेल तो म्हणे, धन्य आहे तुमची, देव बळ देतो. मी मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा चादर बदलायची. प्रार्थना कधी थांबली ते माझे मलाच कळले नाही.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी मी यांना मऊ भात भरवत होते. चर्चमध्ये बायबलचे वाचन माझ्याकडे होते, उशीर होत होता. यांनी घास थुंकला. मी पुसले. पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा थुंकला तेव्हा मी त्यांच्या थोबाडीत मारली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

मी तोंड धुतले, शेजारच्या बाईंना यांच्याजवळ बसवले आणि चर्चला गेले. वाचनही केले. ताट समोर आले तेव्हा माझा हात उचलला गेला नाही. मी ते पुढे दिले. साठ-सत्तर माणसांची मंडळी, दोन बाकांवरच्या माना वळल्याच.

दुपारी तीनच्या सुमारास रूथबाई आल्या. गुडघे धरून जिना चढल्या होत्या. आधी पाणी प्यायल्या, मग यांच्याजवळ गेल्या, त्यांना कुशीवर वळवून पाठ बघितली, पावडर लावली, चादरीची सुरकुती काढली. माझ्या कामात चूक सापडली नाही म्हणून मला तेवढ्यातही बरे वाटले. मग त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"आज ताट फुडं दिलंस," त्या म्हणाल्या.

"हो मावशी."

"कुनाशी बिनसलंय?"

"सकाळी मी यांना मारलं."

"कितींदा?"

"एकदाच."

"आन मनात?"

"रोज."

 आता त्या प्रार्थना करतील, आणि केली तर मी उठून जाईन, असे मी ठरवले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "लय दमलीस गं."

तोपर्यंत मला हे कोणी म्हटले नव्हते. मी ओट्याला टेकून रडले. रडता रडता म्हणाले, "माझा क्रूस आहे मावशी, मलाच वाहायला पाहिजे." हे वाक्य मी व्यासपीठावरूनच उचलले होते. रूथबाई चक्क चिडल्या.

"क्रूस क्रूस काय लावलंयस? येशूचा खांब बी वाटंत त्या शिमोनानं घेतलाच की खांद्यावर. त्यो न्हाई म्हनला व्हय? चालवंना, तवा दुसऱ्यानं धरला. आन तू त्येच्यापरीस मोठी लागून गेलीस?"

मी पदराने डोळे पुसले.

"मला सांगून काय हुतंय," त्या पुढे म्हणाल्या. "मारलंस त्येला. जा, त्येला सांग."

मी आत जाऊन यांचा हात धरला आणि माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." मी बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, ते सगळ्यालाच बरं म्हणतात. मला कसं कळणार?" त्यांनी जवळ बोलावून माझे केस मागे सारले. "न्हाई कळायचं," म्हणाल्या. "तसंच ऱ्हायचं."

त्याच आठवड्यात त्यांनी समितीच्या बैठकीत सांगितले, "हिचं कवतिक बास झालं. उद्यापास्नं भाषनात नाव घेऊ नगासा. एकेकानं एक दुपार घ्या." पहिली दुपार त्यांनी स्वतः घेतली, गुरुवारची. दोन ते पाच त्या यांच्याजवळ बसतात, आणि मी आतल्या खोलीत झोपते. पहिल्या गुरुवारी मी त्यांच्यासाठी पोहे करायला उठले, तर त्यांनी मला हाताला धरून परत नेऊन निजवले. आता आणखी तिघे जण येतात. त्यांतल्या एकाला चादर धड घालता येत नाही, पण तो येतो.

यातून माझा विश्वास दृढ झाला, असे लिहिले तर अंकाला शोभेल. झाले ते एवढेच की मी झोपू लागले. झोप झाली की कधीकधी प्रार्थनाही होते. मी अजून दमते. हात अजून शिवशिवतो. त्या दिवसानंतर मी प्रभुभोजन घेतले आहे आणि दोनदा ताट पुढेही दिले आहे, आणि त्या दोन्ही वेळा पुढच्या गुरुवारी रूथबाईंनी मला काही विचारले नाही, फक्त नेहमीपेक्षा लवकर आल्या.

मागच्या आठवड्यात हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. त्या मेथी निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "माझ्या अंकात तुझी थप्पड कशाला गं?" मी म्हटले, काढून टाकते. बराच वेळ त्या पाने खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नगं काढू. तुझ्यावानी कोन असंल, ती तरी वाचंल."

असेल. कराडात असेल, आटपाडीकडे एखाद्या वस्तीवर असेल, कदाचित आमच्याच मंडळीत माझ्या मागच्या बाकावर असेल. आज सकाळी तिचा हात उठला असेल आणि तिने ते कोणाला सांगितले नसेल. परमेश्वराने रूथबाईंना उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय द्यावेत, असे मी त्यांच्यासाठी मागते, पण त्याहून जास्त तिच्यासाठी मागते. त्यांना तिच्या दारापर्यंत जाता यावे, आणि तिने त्यांना आत घ्यावे.