हातानं फिरवायची लेन्स

"हलू नका. मी हलतो."

लग्नात चाचा नवरीपुढे उभे राहिले की पहिलं वाक्य हेच. मग लेन्सचं कडं बोटांनी जरासं फिरवायचं, श्वास रोखायचा आणि स्वतःच कमरेतून किंचित पुढे, किंचित मागे व्हायचं. चेहरा स्पष्ट झाला की खटका दाबायचा. गेल्या काही वर्षांत पिंपरी-चिंचवडमध्ये तुमच्या घरात लग्न झालं असेल, तर हा झुलणारा, पांढऱ्या दाढीचा फोटोग्राफर तुम्हीही पाहिला असेल आणि त्याच्यावर वैतागलाही असाल. रावेतच्या एका लॉन्समध्ये नवरीचा मामा ओरडला होता, "ओ चाचा, चक्कर येतीय व्हय? आवरा की, पोरगी सकाळपासनं उपाशी हाय!" चाचा काही रागावले नाहीत. "आलो, आलो," म्हणत आणखी पुढे सरकले.

जवळ जाण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं. रोलचा जमाना संपला तेव्हा त्यांनी सेकंडहँड डिजिटल कॅमेरा घेतला, पण जुनी लेन्स काही सोडली नाही. चांगली जडशीळ, तिचं सगळं हातानंच करायला लागायचं. नव्या कॅमेऱ्यावर ती बसेना, म्हणून भोसरीतल्या ओळखीच्या टर्नरकडून मधे बसवायला एक चकती करून घेतली. ती केसभर जाड झाली. तेवढ्यानं लांबचं काही स्पष्ट येईना. कमान, स्टेज, वरात, सगळं धूसर. दुसरी करून घ्या म्हटलं तर म्हणाले, "लांबचं काय करायचंय? लग्नात बघायची माणसं जवळच असतात." कॅमेऱ्याला ती लेन्स ओळखताच यायची नाही. चालू केला की पडद्यावर 'लेन्स लावलेली नाही' अशी सूचना यायची. चाचा त्याला दटावायचे, "तुझ्या जन्माआधीची आहे ती. गप बस."

माझं पिंपरीत अल्बम छापायचं दुकान आहे. दिवसभर लोकांची लग्नं मोठ्या स्क्रीनवर बघायची, मुरुम पुसायचे, कुणाच्या काकूंचं पोट आत ढकलायचं. शेकडो फोटोंत चाचांचा फोटो लगेच ओळखू यायचा. नवरीची पापणी न् पापणी स्वच्छ आणि मागचं सगळं विरघळलेलं.

म्हणूनच बिघडलेलं पहिल्यांदा मला कळलं. डोळ्यांवरचा फोकस आधी कानावर सरकला. मग झुमक्यावर. मग मागच्या खुर्चीवर. एक दिवस मी सरळच विचारलं, "चाचा, डोळे दाखवलेत का कुणाला?"

ते लेन्सची काच पुसायला लागले. "दाखवले. आतला पडदा गेलाय म्हणतात. कडेचं दिसतं बेटा, मधलंच जातं. आता तू समोर बसलीयस, तर तुझे कान दिसतायत." मी हसले, आणि हसले म्हणून मलाच कसंतरी झालं. "ऑपरेशननं होण्यासारखं नाही. नातीला माहितीये, आता तुला. आणखी कुणाला बोलू नकोस. तिच्या निकाहचा फोटो माझ्या हातानं काढायचाय. तेवढा निघाला की बस."

ही त्यांच्या लेकीची लेक. आई लवकर गेली, पोरीला ह्यांनीच वाढवलं. ती त्यांना नाना म्हणायची.

"मग आपोआप फोकस करणारी नवी लेन्स लावा ना," मी म्हटलं. सल्ले द्यायला माझं काय जातंय!

"मशीनच तिचे डोळे शोधणार असेल, तर मी तिथं काय करू? बिर्याणी खाऊ?"

शेवटी मी त्यांना कॅमेऱ्यातली एक सोय चालू करून दिली. फोकस जिथे बसेल तिथे पडद्यावर लाल रेघा उमटतात. चाचांनी पाहिलं आणि नाक मुरडलं. "अगं, तोंडावर मुंग्या चढल्यात तुझ्या!" तरी रोज दुपारी दुकानात येऊन सराव करायचे. मी काउंटरवर बसलेली, ते कडं फिरवतायत.

"आलं?"

"नाही."

"आता?"

"नाकावर आलंय, चाचा."

दोघंही हसायचो. ते घरी गेले की मात्र मनात यायचं, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या पापण्या टिपत आला, आणि स्वतःच्या नातीच्या वेळेला हे असं!

निकाहला मी गेले. बाकीचे फोटो काढायला तरुण पोरांची टीम होती. बायकांत बसलेल्या नातीनं 'कबूल' म्हटलं, एकच गलबला झाला, आणि चाचा तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. कडं फिरवलं. परत फिरवलं. त्या गर्दीत ती पोरगी त्यांच्याकडे बघत नुसती बसून राहिली. टीममधला एक जण माझ्या कानाशी लागला, "मॅडम, चाचांना जरा सरकवा ना, फ्रेम अडतेय." मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिचारा पाणी प्यायला निघून गेला.

खटका वाजला. चाचांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. "डोळ्यांवर आहे ना?"

डोळ्यांवर नव्हता. कानावर नव्हता, झुमक्यावरही नव्हता. लाल ओढणीचा एक मऊ डाग आणि त्यात चेहऱ्यासारखं काहीतरी उजळ.

"आहे," मी म्हटलं. "अगदी डोळ्यांवर."

चाचांनी लेन्सला झाकण लावलं आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

त्यानंतर त्यांनी एकही काम घेतलं नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

काही आठवड्यांनी नात दुकानात आली. लग्नाचा अल्बम करायचा राहूनच गेला होता. टीमच्या पोरांचे फोटो एकाहून एक सुंदर होते. तिनं ते भराभर पुढे सारले आणि चाचांच्या कॅमेऱ्यातून घेतलेल्या नेमक्या त्या फोटोवर थांबली. "ताई, हा सगळ्यात मोठा हवाय. भिंतीवर लावायला."

चाचांशी खोटं बोलले होते, हिच्याशी कसं बोलू? "अगं, हा स्पष्ट आलेला नाहीये," मी म्हटलं. "मोठा केला की चेहरा अजिबातच कळणार नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "बाकीच्या फोटोंत मी कॅमेऱ्याला दिसले तशी आहे. ह्यात नानांना दिसले तशी आहे."

मला रडूच फुटलं. ग्राहकासमोर, भर दुकानात. मग मी त्या फोटोतलं काही न पुसता, काही न सुधारता तो छापायला लावला. कागद मशीनमधून सावकाश बाहेर येत होता, आणि तो पूर्ण येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.